छापखान्यासाठी लावलेला कौल

प्लेगचं नाव निघालं की लोक उंदरांवर घसरतात. माझ्या डोळ्यांपुढे मात्र आमचे मालक उभे राहतात. एका हातात धोतराचा सोगा, दुसऱ्या हातात कापूर बांधलेला रुमाल आणि पाय छापखान्याच्या उंबऱ्याबाहेर. साथ होती तोवर त्यांनी तो उंबरा ओलांडला नाही. रोज सकाळी गावाबाहेरच्या सड्यावरून, त्या उघड्या माळावरच्या झोपडीतून, खाली यायचे, रस्त्यावर उभं राहून आम्हाला कामं सांगायचे आणि छापलेला कागद दारातून पुढे धरायला लावून लांबूनच तपासायचे. म्हातारपणी माणूस निवळतो म्हणतात. मी काही निवळलेलो नाही. त्या उंबऱ्याची आठवण झाली की अजून माझं डोकं फिरतं आणि सुनेला वाटतं, चहात साखर कमी पडली.

मी तेव्हा विशीत होतो. रत्नागिरीत बाजारामागच्या एका आळीत तो छापखाना होता आणि तिथे मी खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायचं काम करायचो. इन्फ्लुएंझाची साथ येऊन गेली त्याला पाच-सहा वर्षं झाली होती. त्या साथीत माझे वडील गेले होते, त्यामुळे साथ म्हणजे काय हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. छापखान्यात आम्ही मुख्य माणसं तिघंच. खिळ्यांना मी, मशीनवर मामा आणि बायंडिंगला वयनी. मामा माझे सख्खे मामा नव्हेत. देवरूखकडच्या एका खेड्यातले ते, पन्नाशीला आलेले, सगळा बाजार त्यांना मामा म्हणायचा. वयनींचे यजमान आगबोटीवर खलाशी होते, ते समुद्रातच गेले. पदरात दोन मुली. घडी घालायची, टाचायचं, गठ्ठे बांधायचे, ही कामं त्या करायच्या आणि करता करता माझ्या लग्नाची मापं काढायच्या. "ह्या काळ्या हातांना कोन देईल रे मुलगी?" असं रोज एकदा तरी ऐकवायच्या.

मशीन पायाने चालवायचं होतं. उजव्या पायाने खालची फळी दाबत राहायची म्हणजे चाक फिरतं. एका हाताने कोरा कागद आत द्यायचा, दुसऱ्या हाताने छापलेला काढून घ्यायचा. हात चुकला तर बोटं जायची आणि पायाचा ठेका चुकला तर छपाई बिघडायची. मामांचा ठेका वीस वर्षांत कुणी चुकलेला पाहिला नव्हता. शाई लावायचे रूळही तेच ओतायचे. सरस आणि गूळ एकत्र शिजवून ते रूळ करायचे, आणि गूळ म्हटल्यावर उंदीर आलेच. साथ नसतानाही आमच्याकडे उंदीर भरपूर होते. मामा रूळ लाकडी कपाटात कुलपात ठेवायचे, तरी कडा कुरतडलेल्या सापडायच्याच.

त्या वर्षी पहिला उंदीर धान्याच्या एका दुकानात पडला. मग पलीकडच्या आळीत पडले. रत्नागिरीकरांना ह्याची सवय होती. उंदीर पडायला लागले की घरं बंद करून सड्यावर, मोकळ्यावर झोपड्या बांधून राहायला जायचं. चार दिवसांत अर्धा बाजार रिकामा झाला. मालकांनीही जांभ्याच्या त्या माळावर माडाच्या झापांची ऐसपैस झोपडी बांधून घेतली. बायको, मुलं, विधवा बहीण, गाय, सगळ्यांना वर नेलं. ते त्यांनी केलं ते योग्यच केलं. कुणीही केलं असतं. मला राग त्याचा नाही.

राग ह्याचा, की छापखाना बंद करायचं नाव नव्हतं. उलट काम वाढलं होतं. साथीच्या सूचनांची पत्रकं छापायला आमच्याकडे आली होती. ज्या घरात मेलेला उंदीर सापडेल ते घर ताबडतोब सोडावे, सामान उन्हात टाकावे, प्लेगची लस टोचून घ्यावी. हे सगळं मी माझ्या हाताने जुळवलं. जुळवताना कपाटामागे खुडखुड ऐकू येत होती.

टोचून घ्यायचं तरी निदान आम्हाला जमायला हवं होतं. बंदराच्या रस्त्यावर डॉक्टर बसत होते. टोचलं की दंड सुजायचा आणि एक-दोन दिवस कणकणून ताप यायचा. मालकांनी स्वतः टोचून घेतलं, घरच्या सगळ्यांना टोचून घेतलं आणि दोन दिवस झोपडीत पडून राहिले. आम्ही विचारलं तेव्हा म्हणाले, "घ्या की. पण पत्रकं आधी उरकू देत. तिघंही तापाने पडलात तर मी काय करू?" पत्रकं उरकली की आणखी पत्रकं यायची. वयनी एकदा म्हणाल्या, "मालक, एकेकाला तरी सोडा." त्यावर त्यांनी रुमाल नाकाला लावला आणि सड्याची वाट धरली. टोचून घ्या असं सगळ्या गावाला सांगणारे कागद आम्ही छापत होतो आणि आमच्या दंडाला सुई लागायची होती.

वर मामांना त्यांनी रात्री छापखान्यातच झोपायला सांगितलं. गाव रिकामं, चोऱ्या होतील म्हणून. मामा एरवी बंदराजवळच्या एका खोलीत राहायचे. ते घोंगडी घेऊन आले आणि कागदाच्या गठ्ठ्यांना टेकून झोपायला लागले. मी म्हटलं, "मामा, नाही म्हणा ना!" तर म्हणाले, "न्हाय म्हनून जाऊ खंय?"

आठवडाभराने त्यांनी स्वतःच धीर करून मालकांना विचारलं. मी जवळच उभा होतो.

"मालक, वायच गावाकडं जाऊन येतंय. साथ सरली की परत येतंय. तंवर माजी जागा तेवडी माज्यासाठी ऱ्हाऊंदे."

मालक मामांपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. ते म्हणाले, "जा की. तुला कुणी बांधून ठेवलंय? पण मशीन काही तुझ्यासाठी थांबायचं नाही. दुसरा माणूस आला तर तो राहील."

मामांना बायको होती, गावाला म्हातारी आई होती, भातशेतीचे दोन तुकडे होते. त्यांच्या घरचं मीठ-मिरची सुद्धा ह्या मशीनवर अवलंबून होतं. जीव वाचवायला जावं तर जागा जाते आणि जागा धरून बसावं तर कपाटामागे खुडखुड. त्यांच्यापुढे एवढंच होतं आणि मालकांना ते पुरतं ठाऊक होतं.

मग मामांनी जे केलं ते फक्त आमच्यासारखी माणसंच करतात. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "मालक, असा करूया. देवाला कौल लावूया. देव जा म्हनाला तर तुमी जागा धरून ठेवायची. ऱ्हव म्हनाला तर मी ऱ्हवतंय."

गावदेवाला कौल लावणं हे आमच्याकडे नवीन नाही. देवाच्या मूर्तीला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या लावायच्या, गुरवाने गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा आणि वाट पाहायची. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. लग्न, विहीर, गाव सोडणं, सगळं ह्याच्यावर ठरायचं. आमचे मालक मात्र सुधारक. सत्यनारायणालाही नाक मुरडायचे, कौलाला तर अडाण्यांचा जुगार म्हणायचे. पण मामांचं बोलणं ऐकलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो हिशेब उमटला तो मला नीट दिसला. म्हणाले, "बरं. देवाचं ऐकायला माझी हरकत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही देवळात गेलो. मालक नारळ घेऊन आले होते. गुरवाला बाजूला घेऊन त्यांनी प्रश्न सांगितला. गुरवाने पाकळ्या चिकटवल्या आणि मोठ्याने गाऱ्हाणं घातलं. छापखाना चालू ठेवला आणि माणसं कामाला लावली तर छापखान्यावर काही विघ्न येणार नाही असं असेल तर महाराजा, उजवा दे. आम्ही सगळ्यांनी "होय महाराजा" म्हटलं. मीही म्हटलं. बराच वेळ काही झालं नाही. मग उजवीकडची पाकळी घसरली आणि पडली.

मालकांनी नारळ फोडला. मामांनी डोळे मिटून नमस्कार केला आणि त्यांच्या खांद्यावरचा भार उतरल्यासारखा मला वाटला. देवानेच ठेवून घेतलं म्हटल्यावर त्यांची तक्रार संपली. देवळाच्या पायऱ्या उतरताना वयनी माझ्या कानाशी म्हणाल्या, "आयकलास? मामाचा इचारलंनच न्हाय. छापखान्याचा इचारलंन."

मी थांबलो. खरंच होतं. छापखान्यावर विघ्न येईल का, एवढाच प्रश्न होता. आणि देवाला काय दोष द्यायचा? छापखान्यावर पुढे काडीचंही विघ्न आलं नाही. त्याने विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं. मी परत वर जायला निघालो तर वयनींनी माझा हात धरला. मामा खाली हसत उभे होते, प्रसादाचं खोबरं सगळ्यांना वाटत होते. त्यांच्या तोंडावर ते सांगायचं धाडस आम्हा दोघांनाही झालं नाही.

चार-पाच दिवसांनी रुळाच्या कपाटाखाली उंदीर मरून पडलेला सापडला. मामांनी तो मालकांना दाखवायला दाराशी नेला. मालक रस्त्याच्या पलीकडे सरकले आणि तिथून ओरडले, "मला काय दाखवतोस? खाडीत टाक! आणि तोंड बंद ठेव." मी आत जाऊन पत्रक आणलं आणि त्यातली ओळ त्यांना वाचून दाखवली. ज्या घरात उंदीर सापडेल ते घर ताबडतोब सोडावे. माझा आवाज चढला होता. ते म्हणाले, "ते राहत्या घरासाठी आहे. इथे कोण राहतं?"

"मामा राहतात," मी म्हटलं. "तुमच्याच सांगण्यावरून."

"तो राखण करतो. राखण करणं म्हणजे राहणं नव्हे." असं म्हणून ते सड्याकडे निघून गेले. वकिली शिकायला मुंबईला गेले होते म्हणे, परीक्षा काही झाली नाही. सरकारचंच नुकसान झालं.

त्या रात्री मामांना मी माझ्या खोलीवर यायला सांगितलं. ते आले नाहीत. कौल मोडायचा नव्हता त्यांना. दोन दिवसांनी सकाळी मी छापखाना उघडायला गेलो तर दार आतून कुणी काढेना. शेवटी मामाच सरपटत आले आणि कडी काढली. अंग भाजत होतं. उजव्या जांघेत गाठ आली होती, तिथेच पाय पोटाशी घेऊन पडले.

मालक आले. नेहमीच्या जागी उभे राहिले. मला वाटलं, आता तरी हा माणूस उंबरा ओलांडेल. ते म्हणाले, "आधी ह्याला इथून बाहेर काढा. तपासणीला कोणी आलं आणि हा इथे दिसला तर छापखान्याला टाळं लागेल. मग तुम्ही खाल काय?" आणि सगळ्यात वाईट म्हणजे मामाही तेच म्हणत होते. तापात बरळत होते, पण हे बोलणं बरळणं नव्हतं. "माका भायेर न्या रे. माज्यापायी बंद नको पडूक. तुमच्या पोटावर पाय नको."

कागदाचे गठ्ठे आणायची हातगाडी होती. तिच्यावर घोंगडी घालून आम्ही त्यांना निजवलं. मी ओढत होतो, वयनी बाजूने चालत त्यांचं डोकं धरत होत्या. गावाबाहेर साथीच्या रोग्यांसाठी मांडव घातले होते, तिथे नेलं. कुठे आजारी पडला असं तिथे विचारलं तेव्हा मी तोंड उघडण्याआधी मामाच म्हणाले, "खोलीवर." परत आलो तर मालक रस्त्यावर वाट पाहत होते. मामा कसे आहेत हे त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "गाडी चुन्याच्या पाण्याने धुतल्याशिवाय आत आणू नका."

मी आयुष्यात कुणावर हात उगारलेला नाही. त्या दिवशी उगारला असता. वयनी मध्ये आल्या. त्यांना दोन मुली होत्या आणि त्या मला रडत नव्हे, दरडावून म्हणाल्या, "गप. गाडी धू." मी गाडी धुतली. दुसऱ्याच दिवशी आम्हा दोघांना टोचून घ्यायला रजा मिळाली. ह्या वेळी मागितलीसुद्धा नव्हती.

मशीनवर एक तरुण गडी आला. मुंबईला एका छापखान्यात होता, साथीच्या भीतीने घरी आला होता आणि इथे येऊन साथीतच सापडला. त्याच्यावर माझा राग नाही. त्यालाही पोट होतं.

मामा मेले नाहीत. गाठ फुटली, वाहिली आणि ते वाचले. मांडवातून त्यांची बायको त्यांना गावाला घेऊन गेली. मधल्या काळात मी एका वकिलाकडे गेलो. कामावर असताना माणसाला दुखापत झाली तर मालकाने भरपाई द्यायची असा काही नवीन कायदा झालाय असं ऐकलं होतं. वकील भला माणूस होता. त्याने ऐकून घेतलं आणि समजावलं, की हा कायदा इंजिनावर चालणाऱ्या कारखान्यांसाठी, तुमचं मशीन पायावर चालतं. शिवाय प्लेग ही दुखापत नव्हे. शिवाय तो आजारी पडला तेव्हा खोलीवर होता असं त्यानेच सांगितलंय. तीन दारं होती आणि तिन्ही बंद होती. तिसरं तर मामांनी आमच्यासाठी स्वतःच्या हाताने बंद केलं होतं.

साथ ओसरली, लोक खाली आले, घरांना चुना लागला. अडलेली लग्नं निघाली आणि आमच्याकडे लग्नपत्रिकांची झुंबड उडाली. अशाच एका दिवशी मामा दारात उभे राहिले. अंगावरचा सदरा दुसऱ्या कुणाचा वाटावा असा लोंबत होता. हातात काठी होती. वयनींनी हातातलं काम टाकलं आणि धावत जाऊन त्यांना आत आणलं. मालक आता आत गादीवर बसत होते. त्यांनी मान वर केली. "बरा झालास? छान. देवाची कृपा."

"कामाला आलंय, मालक," मामा म्हणाले.

"पाय?"

"चालतंय."

"काठी घेऊन?"

मी मध्ये पडलो. म्हटलं, मामांना रूळ ओतू द्या, जुळवलेल्या खिळ्यांचे फर्मे आवळू द्या, शाई कालवू द्या. मशीन हा गडी चालवेल. त्या गड्यानेही मान हलवली. ती सगळी कामं मामांइतकी कुणाला येत नव्हती आणि त्या महिन्यात तर कामाला माणसं कमीच पडत होती. मालक म्हणाले, "मी मशीनवरचा माणूस ठेवला होता. मशीन चालवता येत असेल तर त्याची जागा आहे. मी अन्याय करत नाही कुणावर. चालवून दाखव म्हणावं."

मामांनी काठी भिंतीला लावली. मी म्हणालो, "मामा, नको." त्यांनी ऐकलं नाही. गडी बाजूला झाला. मशीनवर एका पत्रिकेचा फर्मा चढवलेला होता. मामांनी शाई पाहिली, एक कागद लावून पाहिला, आणि उजवा पाय फळीवर ठेवला.

पहिले काही कागद त्यांनी असे काढले की क्षणभर मला वाटलं, झालं, जिंकले मामा. तोच ठेका. तेच हात. मग पाय जड पडायला लागला. घाम गळ्यावरून सदऱ्यात उतरत होता. फळी खाली जायची पण पाय वर यायला तयार नव्हता. तेव्हा त्यांनी डाव्या हाताने स्वतःची मांडी धोतरासकट उचलली आणि पाय फळीवर आपटला. एका हाताने मांडी उचलायची, पाय आपटायचा, दुसऱ्या हाताने कागद द्यायचा, त्याच हाताने काढायचा. चाक थांबू दिलं नाही. छपाई बिघडू दिली नाही. मालक गादीवरून बघत होते. बस म्हणायला एक शब्द लागतो. तो शब्द त्या माणसाच्या तोंडून निघाला नाही.

शेवटी मीच पुढे होऊन चाकाला हात घातला आणि ते थांबवलं. तळहात सोलून निघाला. मामा फळीवरून उतरले, काठी घेतली, मालकांना नमस्कार केला. नमस्कार! आणि गेले.

मालक आम्हा सगळ्यांकडे बघून म्हणाले, "पाहिलंत ना? मी त्याला काढलेला नाही. तो स्वतःच्या पायांनी उतरला."

मी मामांच्या मागे बाहेर गेलो. देवरूखच्या गाडीपर्यंत त्यांना पोचवलं. परत आलो ते माझा सदरा आणि डबा घ्यायलाच. पुन्हा त्या छापखान्यात पाय ठेवायचा नाही हे ठरलं होतं, आणि नंतर ठेवलाही नाही. आत वयनी पत्रिकांच्या घड्या घालत होत्या. मामांनी काढलेले ते कागद त्यांनी वेगळे काढून मांडीशी ठेवले होते. काय करणार होत्या त्यांचं, त्यांनाही ठाऊक नसावं. मालकांचं लक्ष गेलं. ते उठून आले, त्यातला एक कागद उजेडाला धरला, उलटसुलट करून बघितला.

"हे कशाला बाजूला काढलेत? छपाई चांगली आलीये," ते म्हणाले. "घाला गठ्ठ्यात."